पिंपातला सायमन

५ डिसेंबर, शुक्रवार

सायमनला नोकरी मिळाली. पाहुण्यांना जादू दाखवायचा ते रिसॉर्ट रिनोव्हेशनसाठी बंद झालं तेव्हापासून घरात बसून माझ्या फोडणीत चुका काढत होता, ते एक थांबेल. नोकरी काय, तर रोडिओ. रास अल खैमाला हिवाळ्यापुरता तंबू ठोकलाय. पोरं उधळलेल्या बैलावर बसतात आणि पडतात. पब्लिक तिकीट काढून बघतं.

"आणि तू काय करणार?"

"मी पिंपात."

"पिंपात म्हणजे?"

"मैदानाच्या मधे एक पिंप असतं, फिलू. त्यात जोकर. बैल अंगावर आला की आत बुडी मारायची. बाकी वेळ पब्लिकला हसवायचं."

सत्तेचाळिसाव्या वर्षी. गुडघे दुखतात म्हणून लिफ्टशिवाय कुठे जात नाही हा माणूस. एंजी म्हणाली, "पपा, you are literally a clown now." तो म्हणे, आधीही होतो, आता ऑफिशियल.

मी भांडी आपटत घासायला लागले. मग तोच आला भांडी पुसायला. म्हणाला, सीझनभर करून बघतो. पुढच्या वर्षीपासून कायमचं घेतील. तेव्हा तू नाही म्हणालीस तर खलास, सोडून देईन.

ठीक आहे. नाही म्हणायचं हे आजच ठरलंय माझं.

७ डिसेंबर, रविवार

सकाळी चर्चमध्ये मिस्सा. संध्याकाळी गेले बघायला. जायचं नव्हतं, गेले.

सायमनला सगळ्यात शेवटी पाहिलं, कारण नजर त्या दुसऱ्यावरच. थियागो नाव, ब्राझीलचा. बैलावरून पोरगं पडतं, बैल गर्रकन वळतो त्याच्यावर, आणि बाकी सगळे कुंपणावर चढत असताना हा बैलाच्या दिशेने पळतो! त्याच्यासारखा अजून एक आहे. दोघांना बुलफायटर म्हणतात, पण फाइट कसली, हातात काठीसुद्धा नाही. थियागो बैलाच्या कपाळावर तळवा ठेवतो आणि छोटासा गोल घेतो. बैल मोठा, त्याला एवढ्याशा जागेत वळता येत नाही. आमच्या ऑफिसच्या सिमेंटच्या ट्रेलरला गल्लीत वळता येत नाही, तसंच. तेवढ्यात पडलेलं पोरगं उठून पळतं.

टाळ्या कुणाला? पोराला. थियागोने वाळूतून त्याची हॅट उचलली, झटकली, त्याला नेऊन दिली आणि परत आपल्या जागेवर जाऊन उभा राहिला. मी एकटीच त्याच्यासाठी टाळ्या वाजवत होते. शेजारची बाई माझ्याकडे बघायला लागली.

सायमनचं पिंप बैलाने दोनदा लोळवलं. पब्लिक हसून बेजार. बैलाचं नाव हबीबी, म्हणजे लाडका! माझ्या हातात रोझरी होती, पण कुठल्या मण्यावर होते देव जाणे.

१० डिसेंबर, बुधवार

थियागोला जेवायला बोलावलं. सुरमईचं कालवण हाताने खाल्लं, रस्सा ताटातून प्यायला. त्याचं इंग्लिश तोडकं, माझं ऑफिसातलं, मधेमधे इथलं अरबी यल्ला, म्हणजे चल, आणि खलास. चाललं.

विचारलं, भीती नाही वाटत? म्हणाला, रोज वाटते. ज्या दिवशी वाटणार नाही त्या दिवशी घरी जाणार.

मग सायमनबद्दल सांगायला लागला. म्हणे, मागच्या शनिवारी एक पोरगा बेशुद्ध पडला होता. स्ट्रेचर येईपर्यंत तुझ्या नवऱ्याने पब्लिकचं तोंड दुसऱ्या बाजूला वळवून ठेवलं. पिंपाशीच भांडत बसला होता, हिंदीत. एकाही लेकराने तो पोरगा पाहिला नाही.

मला हे सायमनने सांगितलंच नव्हतं. विचारलं तर म्हणतो, त्यात काय सांगायचं, पिंपाचीच चूक होती.

चौदा वर्षं त्याच्या हॉटेलातल्या जादूला मी नाकं मुरडली. आज त्याच्या ताटात मोठी तुकडी वाढली.

१६ डिसेंबर, मंगळवार

सायमनने ड्रेसची पँट आणली. ढगळ, गुडघ्याच्या खाली जाणारी, मोठ्या चौकड्यांची, खांद्यावर पट्टे. म्हणे लांबी कमी कर, पायात येते. मशीन काढलं. बघते तर काय, बाजूच्या शिवणी नुसत्या धावदोऱ्याच्या! मधे मधे चिकटपट्टी. कुठल्या बिनडोक शिंप्याने शिवलीय कोण जाणे. ओढली तर उसवली. बैल जाऊ दे, वाऱ्याने फाटेल.

लांबी तर केलीच, पण सगळ्या चिकटपट्ट्या काढून टाकल्या आणि जीन्सच्या जाड दोऱ्याने दुहेरी टीप मारली. पट्टेही घट्ट बसवणार होते, पण तेवढ्यात एंजीला क्लासला सोडायची वेळ झाली.

सायमनला सांगितलं नाही. कशाला? आईने मला शिवण शिकवली ती अशीच, कपडा विरेल पण टाका सुटणार नाही. तेवढी एक गोष्ट मला त्या मैदानासाठी करता आली. बरं वाटलं.

२० डिसेंबर, शनिवार

रात्री उशिरा लिहितेय.

एंजी पहिल्यांदा आली होती, शाळेतल्या दोन मैत्रिणींना घेऊन. सायमनने तिला पाहिलं आणि जास्तच रंगात आला. पिंपाबाहेर येऊन नाचायला लागला. हबीबी आपल्या स्वाराला पाडून मोकळा झालेला. थियागोने हाक मारली. सायमन पळाला, पण गुडघा. शिंग बाजूने पँटमध्ये घुसलं.

आणि पँट फाटली नाही.

सायमन शिंगाला लटकला. बैल मान झटकतोय, हा इकडून तिकडे. पब्लिक हसत होतं! सगळे हसत होते, एंजीच्या मैत्रिणीसुद्धा. त्यांना वाटलं हा खेळच आहे. एंजी उभी राहून ओरडली, "That's not the act! Stop laughing!"

मला बसल्या जागेवरून शिवण दिसत होती. माझी टीप. ताणली होती, एक टाका सुटत नव्हता.

थियागो सरळ बैलाच्या तोंडावर गेला. एका हाताने शिंगाला मिठी मारली, दुसऱ्या हाताने सायमनच्या खांद्यावरचे पट्टे तोडले. सायमन पँटमधून सुटून खाली पडला. बैलाने थियागोला कुंपणावर भिरकावलं. दुसऱ्या बुलफायटरने बैल वळवून नेला.

सायमन चड्डीवर वाळूत. पडल्या पडल्या त्याने पब्लिकला हात केला. म्हणून लोक अजूनच हसले.

सायमनच्या दोन बरगड्यांना चीर. थियागोचा खांदा निखळला. दोघं जिवंत आहेत. मरीये सायबिणी, दोघं जिवंत आहेत.

हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये थियागोच्या मांडीवर ती पँट होती. उलटी करून शिवण बघत होता. "हू?"

"मी," म्हटलं.

मग त्याने समजावलं. ती पँट फाटण्यासाठीच असते. शिंग लागलं की कपडा शिंगाला जातो आणि माणूस सुटतो. या लोकांचे सगळे कपडे असेच कच्च्या टाक्यांचे. सायमनने कधी बघितलंच नसेल, म्हणाला, मीही सांगायचं विसरलो, आमच्यात सगळ्यांना माहीत असतं.

शिवीगाळ केली असती तर बरं झालं असतं. त्याने शिवणीवरून अंगठा फिरवला. "व्हेरी गुड वर्क. टू गुड." आणि हसायला गेला, तर खांदा दुखला म्हणून कण्हला.

२१ डिसेंबर, रविवार

मिस्साला गेले. फादर काय बोलले ऐकलं नाही.

सायमनला सगळं सांगितलं. तो छाती धरून म्हणाला, "बघ, हबीबी हरला तुझ्या टिपेपुढे." मी रडायला लागले तर म्हणतो, अगं हसवू नकोस, दुखतं. मी रडतेय, आणि याला हसू येतंय. काय माणूस आहे!

मला त्याचा राग आला, माझा आला आणि त्या बैलाचाही आला.

२५ डिसेंबर, गुरुवार

नाताळ. थियागो झोळीतला हात घेऊन आला. त्याला डाव्या हाताने जेवायचं, सायमनला हसायची बंदी. एंजीने नियम काढला: no jokes at the table. पाच मिनिटं सगळे गप्प जेवले. मग सायमननेच चमच्याशी भांडण काढलं आणि दोघंही कण्हत कण्हत हसले.

एंजीने शाळेतल्या ग्रुपवर लिहिलंय, वाचून दाखवलं मला: my dad makes people look away so nobody gets scared. एवढंच. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला.

थियागो निघताना मी त्याला तांदळाच्या पिठाच्या चकल्या बांधून दिल्या. तू माझा नवरा परत आणलास, म्हटलं. मराठीतच म्हटलं. त्याने मान हलवली.

८ जानेवारी, गुरुवार

डॉक्टरांनी हो म्हटलं, पिंपातून बाहेर नाचायचं नाही या अटीवर. थियागोला अजून महिनाभर मनाई, तो कुंपणावर बसून ओरडणार.

सर्कसवाल्यांना (मी त्यांना सर्कसवालेच म्हणते) सायमन पुढच्या वर्षी हवाय. रविवारी उत्तर द्यायचंय. तो मला काही विचारत नाही. नुसता मागेपुढे करतो. डिसेंबरात माझं 'नाही' तयार होतं, कडक इस्त्रीचं. आता शोधते तर सापडत नाही. 'हो'ही सापडत नाही.

दुपारी थियागोने एक पोतं आणून ठेवलं. सगळ्यांच्या पँटी, शर्ट. "यू नाऊ नो," म्हणाला, आता तुला माहीत आहे अशा अर्थाने.

म्हणजे एवढं होऊनही कपडे माझ्याकडेच. मला वाटलं होतं, मला सुईला हातसुद्धा लावू देणार नाहीत.

९ जानेवारी, शुक्रवार

ऑफिस अर्धा दिवस. येऊन बसले. कच्चा टाका घालणं सोपं वाटतं, पण हात ऐकत नाही, सवयीने घट्ट ओढतो. पहिली शिवण तीनदा उसवली. टाके लांब लांब, दोरा सगळ्यात पातळ, शेवटी गाठ नाही. आईने बघितलं असतं तर हातावर पट्टी मारली असती. प्रत्येक शिवण झटका देऊन पाहिली. फाटली की परत घातली.

सायमनची सगळ्यात शेवटी केली. ती चारदा फाडून बघितली.

साडेचारला पँट घालून दारात उभा. "काय मग? रविवारी काय सांगू?"

"जास्त वाकू नकोस," म्हटलं, "आत्ताच उसवेल."

"आणि तिथे फाटली तर?"

"फाटायलाच हवी. पँट बैलाला दे आणि तू घरी ये."

त्याने खांद्यावरचे पट्टे सारखे केले. कधी नव्हे ते हलक्या हाताने. खाली गाडीत थियागो हॉर्न वाजवत होता, एंजी आधीच जाऊन बसली होती. तिथूनच ओरडली, ममी, यल्ला.

मी चपला घालतेय. रविवारला अजून दोन दिवस आहेत.