आवाजाचं बटण

घाटनांदूर,
कोजागिरीनंतरचा सोमवार, १९७५

प्रिय चंदा,

तू आणि दाजी दिवाळीला येणार, हे तुझं कार्ड आत्याबाईंना वाचून दाखवलं तेव्हापासून त्यांचा पाय घरात ठरत नाही. ‘माझी लेक मुंबैहून येती’ असं वेशीपर्यंत सांगून आल्या. बाजरी खळ्यावर आली आहे, पाऊस यंदा पोटभर झाला, आणि सोसायटीच्या विहिरीत वाकून कळशी बुडवावी इतकं पाणी वर आलंय. सगळं बरं आहे. तरी हे पत्र लिहायला घेते आणि फाडते, असं कालपासून चाललंय. तुझी वहिनी नंतर झाले, त्याआधी शाळेत तुझ्या बाकावर बसत होते, त्या हक्कानं लिहिते.

त्या विहिरीचं तुला ऐकूनच माहीत. बाहत्तरच्या दुष्काळात तुझा दादा दारोदार फिरला, सोसायटीच्या बैठकीत भांडला, तेव्हा कुठं सगळ्यांच्या सामाईक विहिरीचं काम निघालं. खाली काळा पाषाण लागला. एक दिवस सुरुंगाची वात जळून गेली, पण सुरुंग उडालाच नाही. खाली उतरायला कोणी धजेना. हे म्हणाले, ‘विहीर मी काढाया लावली, मीच बघतो.’ अर्ध्यावर उतरले होते तेव्हा तो उडाला. वर काढलं तर अंगावर खरचटण्यापलीकडे काही नाही, नुसते एकेकाच्या तोंडाकडे बघत होते. ‘बोला की बे, गप कावून बसलात?’ आणि माणसं तर गळा फाडून ओरडत होती. त्याच सुरुंगानं पाणी लागलं होतं. गाव अजून तिला सुग्रीवची विहीर म्हणतं. ह्यांचे कान बीडला दाखवून झाले, औरंगाबादला दाखवून झाले, काही उपयोग झाला नाही.

दाजींनी बोटीवरून आणलेली विलायती रेकॉर्ड आणि ती वाजवायची सेलवरची पेटी तू त्याच्या आधी दिली होतीस. पाकिटावर लाकडी घराच्या पायरीवर बसलेले एक बाई आणि एक बाप्या, दोघांचेही केस खांद्यापर्यंत. आत्याबाई विचारायच्या, ‘ह्यातली बाई कंची?’ ह्यांना मात्र वेडच लागलं. सेल मंदावले की उन्हात ठेवायचे आणि पुन्हा लावायचे. इंग्रजी शब्द सगळे तोंडपाठ. ‘अंजू, ही गिटार ऐक’ म्हणून हाक मारायचे, मी चुलीपुढूनच हो म्हणायचे. मला ते सगळं गुळमुळीत वाटायचं. ढोलकी नाही, कुठं आवाज चढत नाही, काय ऐकायचं त्यात? विहिरीचं ते झाल्यावर आत्याबाईंनी पेटी गोधडीत बांधून माळ्यावर टाकली. ‘डोळ्यापुढं नको, लेकराचं काळीज जळंल.’

ह्या उन्हाळ्यात माळा झाडताना ती माझ्या हाताला लागली. हे सोसायटीत गेले होते, आत्याबाई शेतात. चालते का बघावं म्हणून ट्रान्झिस्टरचे सेल काढून घातले. चंदा, मी तिथंच धुळीत बसले. आधी नुसती गिटार, थांबत थांबत, पाहुण्यानं दारात वहाणा काढाव्यात तशी. मग तो माणूस गातो, खरं तर शेजारच्या खाटेवरच्या कुणाशी बोलतो. दुसऱ्या कडव्याला ती बाई त्याच्या आवाजाखाली आपला आवाज धरते, जड हंड्याला दुसरीनं हात लावावा तसा. उलट्या बाजूला एक गाणं आहे, त्यात वाद्यच नाही, दोघंच गातात. मध्ये बाईला हसू फुटतं, आणि ते त्यांनी तसंच राहू दिलंय. शब्द मला अर्धेमुर्धेच कळतात. नदी, रस्ता, परत येईन, एवढेच. पण आपली दगडाबाई पहाटे जात्यावर ओव्या म्हणायची ना, कुणी ऐकावं असं मनात नसताना, तसं ते गाणं आहे. घरात कुणी निजलंय, त्याला जाग येऊ नये इतकं हळू.

मग रोज दुपारी ते व्यसनच लागलं. पलीकडच्या खोलीत हे पडलेले असले तरी मी आवाज बारीक करायचे. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यापासून लपवायचे! जे त्यांचं होतं, त्यांच्याकडून गेलं, ते मी दार लोटून एकटी खात होते. जेवताना त्यांच्या तोंडाकडे बघवत नसे.

पोळ्याच्या आदल्या दिवशी हे अवचित घरी आले आणि फिरती तबकडी त्यांनी पाहिली. वाटलं, आता रागावतील. ते शेजारी बसले. ‘कंचं चालू हाय?’ मी बोटांनी दाखवलं. डोळे मिटून ते गाऊ लागले. आवाज आता त्यांच्या ताब्यात नाही गं. उंच जातो, फाटतो. रेकॉर्डवर पुढचं गाणं लागलं तरी हे मागच्यातच होते. मला सोसेना. मी आवाजाचं बटण पार खाली आणलं. गाऊन झाल्यावर विचारलं, ‘जमलं का?’ मी मान हलवून हो म्हटलं. विहिरीनंतर पहिल्यांदा ते मोकळे हसले.

तेव्हापासून रोज दिवेलागणीला मुकी तबकडी फिरते आणि हे गातात. आत्याबाई म्हणतात, ‘पोरगं हसतंय, लई झालं. बटण बंद असतंय हे सांगू नको त्याला.’ मी सांगितलं नाही. आणि खरी गाणी दुपारी चोरून ऐकायची तीही सोडली नाहीत.

आता काल काय झालं ते. हे गात होते, डोळे मिटलेले. वाद्य नसलेल्या त्या गाण्यावर सुई होती, मला ती जागा पाठ आहे. माझा हात बटणाकडे गेला आणि मी आवाज वाढवला. ह्यांचा आवाज बुडेपर्यंत वाढवला. समोर माझ्या नवऱ्याचे ओठ हलत होते आणि मी त्या परक्या दोघांना ऐकत होते, आणि मला बरं वाटत होतं. आत्याबाई उठून अंगणात गेल्या. चंदा, माझा माझ्या हातावर भरवसा राहिला नाही. हे रेकॉर्डीवाचूनही गातात, मोटेवर, रस्त्यानं, कुठंही. तिची गरज आता मलाच आहे, म्हणून ती ह्या घरात नको. येताना एक रिकामी पिशवी आण. जाताना मी ती भरून देईन. आणि आत काय आहे, का दिलं, हे तू दादाला सांगायचं नाहीस. पाटीवर लिहून मीच सांगेन, तुम्ही निघायच्या आधी, तुमच्यासमोर.

तुझीच,
अंजना