समीक्षकासाठी पुढचा सोफा

१ जानेवारी, गुरुवार

नवीन वर्ष, नवीन डायरी. गाळ्यावर बारदानवाल्याने फुकट वाटल्या, पण कागद बरा आहे.

संकल्प एकच. यंदा घणसोलीत पिक्चर आणि गाण्यांच्या बाबतीत बाबासोचा शब्द शेवटचा. तसा तो आहेच, फक्त बाकीच्यांना अजून कळलेलं नाही.

जोडसंकल्प: पिक्चर पूर्ण बघणे.

म्हणजे आत्तापर्यंत बघत नव्हतो असं नाही. मी डोळे मिटून बघतो. पार्श्वसंगीत नीट ऐकायचं तर डोळे मध्ये येतात. रूपेशला हे पटत नाही. तो चारचौघांत सांगतो की बाबासो थेटरात घोरतो. अरे, माणूस पहाटे तीनला उठून वाशीच्या कांदा मार्केटला जातो, गाड्यांची वजनं लिहून घेतो, त्याच्या डोळ्यांना विश्रांती नको का? विश्रांती वेगळी, झोप वेगळी.

३ जानेवारी, शनिवार

संध्याकाळी कट्टा. कट्टा म्हणजे रूपेशच्या बिल्डिंगची पायरी. रूपेश इथल्या गावातलाच, आमचा घरमालक आणि मित्र, या क्रमाने. सुगत बेलापूरला ऑफिसात क्लार्क, कानात कायम इअरफोन. तेजश्री त्याची बायको, लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते आणि कट्ट्यावर माझं पितेही.

विषय: तो पोलिसवाला पिक्चर. रूपेशला फायटिंग एक नंबर वाटली. सुगत म्हणाला सेकंड हाफ भारी. तेजश्री म्हणाली हिरोईनला अख्ख्या पिक्चरमध्ये चहा करण्यापलीकडे काम नाय. सगळी वरवरची मतं. मी म्हटलं, हिरोच्या मोठ्या भावाचं काम सगळ्यात उजवं.

रूपेश म्हणाला, भाऊ तर टायटलच्या आधीच मरतो. मी म्हटलं तेच तर सांगतोय, दोन मिनिटांत छाप पाडली पठ्ठ्याने. उत्तर नसलं की लोक चहाच्या ग्लासात बघतात.

घरी राजेश्वरीने विचारलं काय बोलणं झालं. म्हटलं तुला नाही कळायचं. ती म्हणाली एकदा मलापण न्या की पिक्चरला. तिला समजावलं की आमचा चौघांचा ग्रुप आहे, तिकिटं चारच काढतो. तिने आमटी जरा जोरात ठेवली.

४ जानेवारी, रविवार

वाशीला मॉलमध्ये भुताचा पिक्चर.

सुरुवात अप्रतिम. काळोख, दार, दाराला कडी.

शेवटही अप्रतिम. लाइट लागले, सगळे उभे.

बाहेर तेजश्रीने मुद्दाम विचारलं, बाबासोदादा, भूत कोण निघालं? मी म्हटलं, भूत आपल्या मनात असतं. ती म्हणाली नाय, ड्रायव्हर होता. मी म्हटलं ड्रायव्हरच्यापण मनात असतं. सुगत हसला नाही. तो म्हणाला तुझी मान आखडली असेल, आपण रिक्षाने जाऊ. चांगला माणूस आहे, पण समीक्षेतलं कळत नाही.

६ जानेवारी

सुगतने नवीन गाणी पाठवली, पाच-सहा. लगेच सगळ्यांवर मत टाकलं: पहिलं गोड, दुसरं कर्कश, बाकीची ठीक. त्याचा मेसेज आला, भावा, एवढ्यात तर पहिलंपण संपत नाय. म्हटलं शितावरून भाताची परीक्षा.

७ जानेवारी, बुधवार

आज क्रांती केली. मार्केटमध्ये जुने लोक टॉवेलाखाली हात धरून भाव ठरवायचे. बोटं दाबायची, बाहेर कोणाला पत्ता नाही. म्हटलं, पिक्चरला मार्क द्यायचे तर असेच द्यावेत, म्हणजे कोणावर कोणाचं दडपण येत नाही. मी टॉवेल टाकला, एकेकाचा हात घेतला.

अडचणी आल्या. रूपेशच्या हाताला वडापावची चटणी होती. तेजश्रीने हात घेऊन माझी नाडीच तपासली. पाव मार्क कसा दाबायचा यावर सुगत अडून बसला. शिवाय समोरून रूपेशची आत्या बायजाबाई आली. चार घोडे टावेलात हात घालून काय करतान, असं तिने रस्त्यावरून विचारलं.

पद्धत उत्तम आहे. तांत्रिक कारणाने तूर्त स्थगित.

१० जानेवारी, शनिवार

मोठी बातमी. यंदा माघी गणपतीला रूपेशचं मंडळ मैदानावर पडदा लावून पिक्चर दाखवणार. बापलेकीचा मराठी पिक्चर, अजून थेटरात लागलेला नाही. शनिवारी चोवीस तारखेला, संध्याकाळी सातला. दिग्दर्शक स्वतः येणार. आणि पिक्चर संपला की गावातल्या एका जाणकार प्रेक्षकाने स्टेजवर त्यांच्यासमोर बोलायचं.

जाणकार. म्हणजे नाव घ्यायचीसुद्धा गरज नाही.

तरी रूपेशने घेतलं. सुगतचं.

मी काही बोललो नाही. फक्त रूपेशला बाजूला घेऊन अर्धा तास समजावलं. तो म्हणाला, भावा तू झोपशील, गावात माझी इज्जत हाय. तेवढ्यात सुगतच म्हणाला, बाबासोला दे, त्याला फार हौस आहे. शेवटी माघार घेतली गड्याने. दिग्दर्शकासमोर बोलायचं म्हणजे छाती लागते.

१२ जानेवारी

मार्केटला सगळ्यांना सांगितलं. शेठ येतो म्हणाले. करंजाड्याहून सासूबाई येणार. लग्नाला आठ वर्षं झाली, सासूबाईंना जावई काय चीज आहे ते अजून माहीत नाही. आता कळेल. हे हुकलं तर मी परत नुसता वजनं लिहिणारा मेहता. हुकणार नाही.

भाषण लिहून झालं. राजेश्वरी म्हणाली, पिक्चर न बघताच? तिला म्हटलं, ट्रेलर बघितलाय, त्यात बँडबाजा आहे, बापलेक आहेत. लेकीचं लग्न, बाप नाचतो, दुसरं काय असणार. ती म्हणाली, ट्रेलरमध्ये सलाइनपण आहे. बायकांचं लक्ष नको तिथे.

१५ जानेवारी, गुरुवार

जागरणाचा सराव सुरू. तत्त्व असं: दुपारी झोपायचं, संध्याकाळी ताजंतवानं.

१६ जानेवारी

काल दुपारी आडवा झालो तो पहाटे तीनला उठलो. ताजातवाना. कट्टा चुकला. तत्त्व बरोबर आहे, प्रमाण बघावं लागेल.

१८ जानेवारी, रविवार

घरी मोबाइलवर एक जुना पिक्चर लावून सराव. मध्ये मध्ये हिरवी मिरची चावायची, झोप येत नाही, असं हमाल सांगतात. खरंच आली नाही. उचकी आली. राजेश्वरीने पाणी, साखर, पाठीत धपाटे सगळं केलं. तोपर्यंत पिक्चर ती एकटीच बघत होती आणि मला विचारत होती की हा बाप मुलीशी खोटं का बोलला असेल. मला उचकीतून सांगता येईना.

२० जानेवारी

सुगत आज मुद्दाम घरी आला. म्हणाला, मी तुझ्या बाजूला बसतो, डोळा लागला की कोपर मारतो, कोणाला कळणार नाय. माझा संताप झाला. समीक्षकाला कोपर? त्याला स्पष्ट सांगितलं की तू मागे खुर्चीवर बस, मी पुढे सोफ्यावर असेन. तो बरं म्हणाला आणि चहा पिऊन गेला. राजेश्वरी म्हणाली घ्यायचं होतं की हो कोपर.

२२ जानेवारी, गुरुवार

गणपती बसले. आरतीला गेलो. गणरायाला एवढंच म्हटलं, बुद्धी तू दिलीच आहेस, फक्त दोन तास पापण्या सांभाळ.

२४ जानेवारी, पहाट

आजचा दिवस. शेठकडे सुट्टी मागितली, नाही मिळाली. कांद्याची आवक जोरात.

२४ जानेवारी, सायंकाळी ५

चहा पाच कप. खिशात मिरच्या. इस्त्रीचा शर्ट. सासूबाई आल्या. राजेश्वरीने जरतारी साडी नेसली आहे. मी म्हटलं एवढं कशाला, ती म्हणाली मलापण पिक्चर बघायला मिळतोय आज.

पापण्या ठणठणीत. निघतो.

२५ जानेवारी, रविवार, सकाळ

कार्यक्रम दणक्यात झाला. आठवतंय तसं लिहून ठेवतो.

पुढे पाहुण्यांसाठी मंडळाने नगरसेवकांच्या घरचा सोफा आणून ठेवला होता. मऊ. दिग्दर्शक आणि मी, मध्ये नारळांची परात. सुरुवातीलाच सत्कार. दोघांना शाल, श्रीफळ. थंडी होती, शाल अंगावरच ठेवली. माइक रूपेश शेवटी देणार होता, मी आधीच मागून घेतला. हाताला सवय झालेली बरी. हॅलो चेक करून मांडीवर ठेवला.

पिक्चर सुरू. पहिलाच शॉट अप्रतिम. एक सायकल.

मग टाळ्या. कडकडाट. मी तसाच उठलो, स्टेजवर गेलो आणि आख्खं भाषण पाठ म्हटलं. आशय, मांडणी, पार्श्वसंगीत, सगळं. लेकीच्या लग्नात बापाने धरलेला ठेका मी जन्मभर विसरणार नाही, या वाक्याला मैदान डोक्यावर घेतलं लोकांनी. इतका हशा. मला विनोद करायचा नव्हता, पण आतलं असतं ते बाहेर येतंच. दिग्दर्शकांनी कोपरापासून हात जोडले. शेठ बोलले नाहीत, भारावले असावेत. सासूबाई एवढंच म्हणाल्या, जावईबापू, तब्येतीला जपा.

राजेश्वरी घरी येईपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलली नाही. तीसुद्धा भारावली.

२५ जानेवारी, संध्याकाळ

मंडळाच्या ग्रुपवर व्हिडिओ आला.

माइक चालू होता.

पिक्चरमध्ये बाप हॉस्पिटलात शेवटच्या घटका मोजतोय. लेक हात धरून बसलीय. म्युझिक नाही, काही नाही. आणि सगळ्या मैदानावर मोठ्या स्पीकरमधून घर्र, घर्र. व्हिडिओत दिसतंय, बायका पदर डोळ्यांना लावतायत. बायजाबाई तर हुंदके देतेय. लोकांना वाटलं बापाचा श्वास आहे. मग बाप गेला. डॉक्टरने चादर ओढली.

आणि घर्र, घर्र चालूच.

कोणीतरी मागून ओरडलं, जिता हाय रं अजून. तिथून पुढे पिक्चर कोणी बघितलाच नाही. दिग्दर्शक सोफ्यावर माझ्याकडे वळून बसलेले दिसतात. टाळ्या मी उठून बसलो त्याला होत्या.

म्हणजे लेकीचं लग्न नव्हतंच. बँडबाजा बापाच्या कंपनीच्या वार्षिक समारंभातला होता, असं राजेश्वरीने सांगितलं.

२६ जानेवारी

बाजू मांडायला हवी: (१) सोफा मऊ होता. (२) शाल मंडळाने दिली, मी मागितली नव्हती. (३) माइकचं बटण उलट्या बाजूला. (४)

चार सुचत नाही.

२७ जानेवारी

मार्केटला हमालांनी गाळ्यासमोर उभं राहून आवाज काढला. सहा जणांनी, एका तालात. शेठ म्हणाले, बाबासो, आज वजनं जरा जागेपणी लिही.

२८ जानेवारी, बुधवार

कट्ट्यावर गेलो नाही. कामं होती.

(नव्हती.) खिडकीतून पायरी दिसते. तिघं बसले होते. रूपेश हातवारे करत होता, तेजश्री हसत होती. माझ्याबद्दल असेल. नसेलही. नसेल तर जास्त वाईट.

३० जानेवारी

सुगत आला. व्हिडिओबद्दल अवाक्षर नाही. म्हणाला रविवारी नवीन पिक्चर लागतोय, रूपेशने तिकिटं काढलीत. मी म्हटलं, बघतो, विचार करतो. तो जरा खाकरला. म्हणाला, चौथं तिकीट वहिनींचं आहे.

त्या रात्री मैदानावरून परत येताना राजेश्वरी आणि तेजश्री मागे मागे चालत पिक्चरवर बोलत आल्या म्हणे. आख्ख्या मैदानात पिक्चर हिलाच कळला होता. मला वाटलं ती भारावलीय.

मी उदार मनाने हो म्हटलं. माझी परवानगी कोणी मागितली नव्हती, पण दिलेली बरी.

१ फेब्रुवारी, रविवार

ती गेली. मी घरी. टीव्ही लावला, बंद केला. लसूण सोलायला घेतला.

परत आल्यावर चौघं पायरीवर बसले. मीपण खाली गेलो, आता लपून किती दिवस बसणार. रूपेश म्हणाला ये भावा, बस. जागा दिली. पण सगळे तिच्याकडे बघत होते. ती सांगत होती की थोरल्या बहिणीने पत्र फाडलं नाही, ब्लाउजात ठेवलं, तिथेच पिक्चरचा शेवट ठरला. तेजश्री म्हणाली, अगं हो, हे माझ्या लक्षातच आलं नाय. रूपेशचा चहा हातात गार झाला. सुगतने इअरफोन काढून ठेवले. माझ्यासाठी त्याने ते कधी काढले नव्हते.

मी विचारलं, कोणती बहीण? राजेश्वरी म्हणाली, थांबा हो, घरी सांगते.

घरी तिने भाकऱ्या थापता थापता सगळा सांगितला. सायकलीपासून नाही, हा दुसरा पिक्चर. पहिल्या शॉटपासून शेवटी नावांच्या पाट्या पडेपर्यंत. कोण काय बोललं, कोण कुठे बघत होतं, गाणं कुठे सुरू झालं आणि मध्येच का थांबलं. ते गाणंसुद्धा म्हणून दाखवलं. हिला गाता येतं हे मला आठ वर्षांत माहीत नव्हतं. मी समोर बसून लसूण सोलत होतो. एकदाही डोळा लागला नाही. धाकटी बहीण स्टँडवर उतरते तिथे तर डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मी म्हटलं लसूण झोंबला. ती म्हणाली, लसूण डोळ्यांना झोंबत नाय.

पुढच्या रविवारचीपण तिकिटं काढलीत. चारच.

तिला म्हटलं, आल्यावर मला असाच सगळा सांगशील ना?

बघू म्हणाली.