माळ्यावर टाकलेलं

३ फेब्रुवारी, सोमवार

आले एकदाची! खोली तिसऱ्या मजल्यावर, उजेड भरपूर. समोरच्या न्हाव्याचं दुकान खिडकीतून थेट दिसतं. गिऱ्हाईक नसलं की तो आरशासमोर स्वतःच्याच मिशा कोरत बसतो. माझी करमणूक झाली.

नव्या नोकरीचा पहिला दिवसही झकास गेला. काम काय, तर दिवसभर व्हिडिओ गेम खेळायचे आणि त्यातल्या चुका शोधायच्या. वन्सं, म्हणजे माझी मोठी नणंद, हे ऐकून म्हणाल्या होत्या की चाळिशीत तुझं नशीब उघडलं बाई! नवरा मात्र स्टेशनवर गप्प होता. त्याला मी मास्तर म्हणते. कॉलेजात शिकवतो आणि घरी आला तरी थांबत नाही. मी नोकरीसाठी एकटीनं परगावी राहावं, हे त्याला मुळीच पटलेलं नाही. पोचल्याचा फोन केला तर 'बरं' म्हणाला. तेवढंच.

५ फेब्रुवारी, बुधवार

माझ्या वाट्याला आलेला गेम मोठ्यांसाठी आहे, म्हणजे त्यात मारामारी नाही, संसार आहे. एक घर, त्यात नवरा-बायको. प्रत्येक खोलीत ती दोघं दोन टोकांना उभी आणि मधे सामान खच्चून भरलेलं. एकेक वस्तू म्हणजे एकेक जुनी गोष्ट. वस्तू सरकवून वाट काढायची आणि दोघांना समोरासमोर आणायचं. जे कुठेच मावत नाही ते माळ्यावर टाकायचं. माळ्यावर गेलेलं परत खाली येत नाही. आधी नवऱ्याच्या बाजूनं खेळायचं, मग बायकोच्या.

गेम सुरुवातीला खेळणाऱ्याच्याच संसाराची चौकशी करतो: भेटलात कसे, कशावरून वाजतं, काय विसरता येत नाही. खोटं रचायचा कंटाळा आला म्हणून मी सगळं खरंच लिहिलं.

पहिल्याच खोलीत हिरवा सोफा! मास्तरनं मला न विचारता असाच सोफा आणला होता, आणि मी आठवडाभर धुमसत होते. टाकला माळ्यावर. स्क्रीनवरची दोघं हसली. खरं सांगायचं तर मलाही हलकं वाटलं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

मास्तरचा आपणहून फोन. गडी खुशीत होता. म्हणाला, सोफ्यावर लोळतोय, किती छान निवडला होतास गं तू! मला वाटलं टोमणा मारतोय. पण नाही. मी कधी भांडले होते हे त्याच्या गावीही नव्हतं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

चार खोल्या सुटल्या. वन्संच्या मुलाच्या लग्नातला माझा रुसवा, मास्तरनं माझ्या भाचीचा केलेला अपमान, सगळं माळ्यावर. मास्तरला त्यातलं काहीही आठवत नाही, मी मुद्दाम विषय काढून पाहिलं. चमत्कारिक आहे खरं. पण रोज फोन येतो, जेवलीस का विचारतो. या गावात माझ्याशी दुसरं कोण बोलतं? जिन्यात भेटणारी माणसं मान हलवून जातात. ऑफिसात सगळ्यांच्या कानात हेडफोन.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आजच्या खोलीत रिकामा पाळणा होता.

हे मी लिहिलंच होतं. आमचं बाळ जगलं नाही. त्या दिवशी मास्तर कॉलेजच्या परीक्षेवर होता, दवाखान्यात पोचायला त्याला संध्याकाळ झाली. त्यानं स्वतःला कधी माफ केलं नाही, मीही पुरतं केलं नाही. मी बराच वेळ हात आखडून बसले. मग वाटलं, सुटू दे बिचारा त्यातून एकदाचा.

घरी आल्यावर फोन केला, आणि आडून आडून बाळाचं बोलले.

तो म्हणाला, "कुठलं बाळ?"

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

दिवसभर पाळणा खाली आणायचा प्रयत्न केला. माळ्याला हात लागत नाही. ऑफिसात आमचं काम बघणाऱ्या मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, माळा नुसतं चित्र आहे, त्यात काही साठत नाही. मग गेलं कुठे सगळं?

ते दुःख आमचं दोघांचं होतं. आता एकटीचं झालं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

स्क्रीनवर सूचना आली: दोन्ही बाजू पूर्ण करा, म्हणजे पहिल्यापासून सुरू करता येईल. पहिल्यापासून — म्हणजे पाळणासुद्धा परत. म्हणजे त्याला सगळं आठवेल. दुसरा अर्थ काय असणार?

त्याच्या बाजूची एकच खोली उरली होती. मधे ग्रंथालयातलं ते टेबल, जिथे आम्ही पहिल्यांदा भेटलो. दुसरीकडून वाट नव्हती. सगळं करून पाहिलं —

टाकलं.

फोन लावला. तो अगदी सभ्यपणे म्हणाला, "कोण बोलतंय?"

१८ फेब्रुवारी, मंगळवार

वन्संचा फोन, रडत होत्या. मास्तर भिंतीवरच्या लग्नाच्या फोटोकडे बोट दाखवून विचारतो, माझ्या शेजारी ही कोण. लगेच ये म्हणाल्या. जाऊन काय करू? कोण म्हणून उभी राहू त्याच्यापुढे? गेम पुरा करते. आधी पुरा करते, मग जाते.

आता बायकोची बाजू.

१९ फेब्रुवारी, बुधवार

तीन खोल्या झाल्या. सोपं जातंय. मागची पानं वाचली. हिरवा सोफा — कुणाचा? अक्षर माझंच आहे.

२० फेब्रुवारी

पाळणा माळ्यावर. कसला पाळणा ते वर लिहिलंय. वाचलं. वाचून काहीच झालं नाही. भीती याचीच वाटतेय, की काहीच —

थांबायला हवं. पण अर्ध्यात सोडलं तर पहिल्यापासून कसं —

२१

शेवटची खोली. टेबल. मी —

२२

गेम संपला होता म्हणे, काल. मॅडम पाठ थोपटून गेल्या. स्क्रीनवर 'पहिल्यापासून सुरू करा' असं आलं होतं, कशासाठी ते कळेना.

एका बाईंचा फोन आला. मला नावानं हाक मारत होत्या, रडत होत्या, त्याला गाडीत बसवून दिलंय म्हणाल्या. चुकीचा नंबर लागलाय असं मी सांगितलं. या वहीत कुणा वन्संबद्दल लिहिलंय. आणि मास्तर. प्रत्येक पानावर मास्तर. मी कधी लग्न —

२३

दारावर माणूस आहे. भिंगातून पाहिलं. चाळिशीचा, दाढी वाढलेली, बॅग छातीशी धरलेली. ओळखीचा नाही. बेल वाजवून थांबतो, परत वाजवतो.

दाराआडून विचारलं, "कोण हवंय तुम्हाला?"

त्यानं बॅग खाली ठेवली. मग म्हणाला, "तेच विचारायला आलोय."

पायरीवर बसलाय आता. रडतोय. मला का रडू यावं — मी याला कधी पाहिलेलं नाही, शपथेवर सांगते, मी याला —