एकच मिस कॉल आला तर

बाबा,

वरण तापवून घ्या. मांजर न्हाणीत कोंडू नका. चष्मा रेडिओवर आहे. आणि फोन उचलू नका!

काल दारव्ह्याला रुपीबाईंना त्यांच्या घरासाठी आपला भाव सांगून आले. म्हणाल्या, "बोलत बसली का मी नरम पडते वं पोरी. उद्या मिस कॉलच देईन." एक आला तर घर आपलं, दोन आले तर नाही. तांड्यावरच्या शाळेत मला रेंज नसते, म्हणून तुमचा नंबर दिला. तुम्ही पहिल्यालाच उचलून रामराम घातला, तर कळणार कसं? नुसतं मोजा.

जया

दिवाळीपासून तुम्ही खाली उतरला नाहीत. त्या घराला जिना नाही.