रुडोने ठेवलेली साल

इंदिरानगर, नाशिक
३ फेब्रुवारी २०२४

चि. सहादूस सुलाताईचा आशीर्वाद, पण अर्धाच.

फोन उचलत नाहीस म्हणून लिहिते. सातपूरच्या शिल्प-शिबिरात आपण दोघं कामाला होतो. झिंबाब्वेची रुडो वीस दिवस माझ्याशेजारी काळ्या दगडावर राबली. बाईचं मस्तक केलं. तोंड पाणी टाकून घासलं, तापवून मेण चढवलं, आरशागत. डोक्यावर मात्र दगडाची साल तशीच ठेवली, खडबडीत, मातकट. ती विमानात बसली आणि तू ग्राइंडर लावून सगळं गुळगुळीत केलंस! केस होते ते, मेल्या! बाईला टकली केलीस.

तिचा बाप म्हणायचा, छिन्नी पोरीच्या हातात शोभत नाय. आपला आप्पा तरी काय वेगळा? तुला मूर्तीचे डोळे शिकवले, मला जन्मभर पाटे-वरवंटे. रुडोने नवरा गेल्यावर मामाकडे हातोडा धरला, त्यावर दोन पोरी वाढवल्या. दगडात आधीच कुणीतरी बसलेलं असतं, त्याला वाट करून द्यायची, असं ती माझ्या पोरीला, संजनाला, इंग्रजीत सांगायची. डावा कान तिने मला कोरायला दिला. पन्नाशीत पहिला कान!

काय केलंस ते तिला तू स्वतः कळव.

रागातली,
सुलाताई


येवला
७ फेब्रुवारी

ती. सुलाताईस सा. न. वि. वि.

शिव्या पोचल्या. इकडे देवळाच्या पायऱ्यांचं काम घेतलंय. ताई, देवाशप्पथ, मला वाटलं बाईला विमान गाठायचं होतं म्हणून काम अपुरं राहिलं. अपुरा दगड दारातून बाहेर जाऊ द्यायचा नाही, हे आप्पाचंच ना? दीड दिवस घासला, कुणी सांगितलं नव्हतं. शिबिराचे साहेब तर खूश झाले. तिला कशाला कळवायचं? तिकडून कोण बघायला येतंय? तू फक्त गप्प बस.

राग गिळ, माया ठेव.

तुझा सहादू


इंदिरानगर
१२ फेब्रुवारी

चि. सहादूस,

गप्प बसले नाय. संजनाने मोबाइलवरून रुडोला फोटो दाखवला. तिने फोटो मोठा करून बघितला. मग म्हणाली, ज्याने केलं त्याचा हात चांगला हाय, पण त्याने मला विचारलं का नाय? सांग, काय उत्तर देऊ? मग म्हणाली, हा दगड आता माझा नाय, माझं नाव काढा.

साहेब म्हणे नाव राहू द्या, परदेशी नावावरच माणसं येतील. मी टाकी घेतली आणि तिची चार इंग्रजी अक्षरं उडवली. आता मला आवारात पाय ठेवायचा नाय म्हणे. काम गेलं. जाऊ दे तेल लावत.

रविवारी दगडावरचा पडदा उघडणार. नावाची जागा मोकळी हाय. शनिवारी ये आणि तिथं तुझं नाव कोर, ढळढळीत. केलंस ना? मग घे अंगावर.

माया कुठं जात नाय. पण नाव कोरेस्तोवर मला ताई म्हणू नको.

सुला