चर्च नसलं तर काय अडेल?

प्रिय किशोर,

पत्र बघून दचकू नकोस. कुणी आजारी नाही, कुणाचं लग्नही नाही. पोलादपूर इथून असं किती लांब, मग पत्र कशाला, असं तुझ्या मनात येईल. पण फोनवर तू नुसता ‘हं, हं’ करतोस आणि मला बोलायचं आहे भरपूर.

आमच्या चर्चचं येत्या रविवारी ठरायचं आहे. महाडात आता आमची आठच घरं उरली, पोरं सगळी पुण्या-मुंबईला. वरून विचारणा आली आहे, की इमारत विकून दुसऱ्या गावच्या मंडळीत सामील होता की इथेच राहता? आणि राहणार असाल तर कशासाठी? हे ‘कशासाठी’ सगळ्यांना झोंबलं. महिन्यातून एकदा येणारे आमचे पाळकसाहेब मात्र शांत. म्हणाले, प्रार्थना कराच, पण गावालाही विचारा, उद्या हे चर्च नसलं तर तुमचं काय अडेल? असं दारोदार विचारत फिरायचं म्हटल्यावर एकेकाला घरची कामं आठवली आणि हे काम आलं माझ्याकडे. शाळेतून मी निवृत्त झाले, माझी नाक खुपसायची सवय नाही झाली.

खरं सांगू, मला फार मजा आली. जन्मभर ज्या गावात राहिले, त्याला आपल्याबद्दल काय वाटतं हे कधी विचारलंच नव्हतं. वीर स्टेशनवरच्या दीपेश रिक्षावाल्याचं काहीच अडणार नव्हतं. तो म्हणाला, निम्मे पाहुणे मी चर्चजवळच उतरवतो, तुम्ही विकलंत तरी त्या नाक्याला लोक चर्चच म्हणणार. हसावं की रडावं कळेना. एमआयडीसीतल्या औषधाच्या कंपनीत जाणारी अक्षदा रोज आमच्या फाटकासमोर बसची वाट बघते. तिला विचारलं तर आधी लाजली. तिथे बायकांना बसायला जागा नाही, जवळपास धड संडास नाही, म्हणून ती घरून निघताना पाणीसुद्धा पीत नाही. आणि तिच्या पाठीमागे, भिंतीपलीकडे, आमचा हॉल आणि संडास आठवडाभर कुलपात.

पण खरी गंमत बनुबाईची. डोंगरावरच्या वाडीतून भाजी आणून ती बाजारात बसते. तुला ठाऊक नसेल, काही वर्षांपूर्वी आम्ही रविवारची घंटा बंद केली. तक्रार कुणाचीच नव्हती. आपण इतके थोडे, उगाच कुणाच्या डोळ्यांवर कशाला या, म्हणून पंचांनी एकमताने ठराव केला आणि आम्ही सगळ्यांनी आमच्या समजूतदारपणाचं कौतुकही करून घेतलं. मी प्रश्न विचारण्याआधी बनुबाईनेच मला विचारलं, “घंटा का थांबवलीत गो बाय? तुमच्यातला कोण गेला काय?” त्या घंटेवर ती माल आवरून गाडी पकडायची. तुम्हा लोकांना त्रास नको म्हणून थांबवली, असं मी म्हटलं. भाजीवर पाणी मारत ती म्हणाली, “आमाला कवा इचारलात?”

साप साप म्हणून भुई धोपटणं ते हेच. रविवारी सभेत मी सांगणार आहे, चर्च ठेवायचं आणि फाटकासमोर बसची वाट बघणाऱ्या बायकांसाठी हॉल उघडायचा. आमचा खजिनदार प्रवीण विरोध करेल. त्याच्या मते देवाच्या घराची धर्मशाळा होईल. होऊ दे. पण आठ घरांची मतं कुणीकडे झुकतील, सांगता येत नाही. माझा बाप्तिस्मा इथला, आईबाबांना निरोपही इथूनच दिला. मला भीती वाटते आहे रे.

आता तुला का लिहिते आहे ते. बनुबाईकडून परतताना तू आठवलास. कॉलेजात असताना उपासना संपेपर्यंत तू फाटकाबाहेर सायकल धरून उभा असायचास. आत ये, असं मी कधी म्हटलं नाही. येऊ का, असं तू विचारलं नाहीस. माझ्या घरचे नाही म्हणतील, तुझ्या घरचे तर म्हणतीलच, हे आपण दोघांनी परस्पर ठरवून टाकलं आणि मुकाट्याने आपापल्या वाटेने गेलो. विचारलं मात्र कुणालाच नाही. आता तुझी बायको जाऊन काही वर्षं झाली, मी तर पहिल्यापासून एकटीच. म्हणून या वेळी विचारते आहे. रविवारी सकाळी उपासना आहे, मग सभा. निकाल काहीही लागो, तू आत ये आणि माझ्या शेजारी बाकावर बैस. येशील?

अजूनही तुझीच,
वैशाली