झालरीचा स्वेटर

सोमवार, ५ डिसेंबर

ती. ताईस,

सा. न. वि. वि. लवंगीचाही नमस्कार. तिचा साष्टांग म्हणता येत नाही, कारण मोजून चार पाय आणि एक शेपूट एवढीच अंगं भरतात. पण भाव तोच.

तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट पार पडल्याचं भाचीच्या कार्डावरून कळलं. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि शिक्षकांच्या खोलीतून मला ओरडता येत नाही, तेव्हा पत्रच बरं. लेकीकडे आहेस तर चार दिवस लेकीचं ऐक. ही सूचना व्यर्थ आहे हे ठाऊक असूनही लिहितो.

आता तुझ्या कुत्रीविषयी. जाताना दिलेल्या सूचना मला मुखोद्गत आहेत. बिछाना जमिनीला टेकवायचा नाही, पाटावर ठेवायचा. दाराच्या फटीसमोर नको. हीटर हातभर लांब. गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळूनच. बाहेरून आल्यावर पंजे पुसायचे, बोटांच्या बेचक्यांसकट. ताई, यज्ञालाही एवढी तयारी लागत नसावी. श्वानजात युगानुयुगं रानावनांत हिंडली. जेवढे ग्रंथ माझ्या डोळ्यांखालून गेले त्यांत स्वेटर घातलेलं कुत्रं मला कुठे आढळलं नाही, आणि झालर लावलेला गुलाबी स्वेटर घातलेलं तर नाहीच नाही. तरीही आज्ञा ती आज्ञा. घरातून निघताना स्वेटर रोज न चुकता घातला जातो, आणि जिना चढून परत येते तेव्हाही तो तिच्या अंगावर असतो.

बाकी तिने माझी आरामखुर्ची बळकावली आहे. मी स्टुलावर बसून वह्या तपासतो. मी श्लोक म्हणू लागलो की ती घोरते. माझे विद्यार्थीही घोरतात, पण हिचा सूर बरा आहे. एकट्या माणसाच्या घरात दुसरं कुणीतरी श्वास घेतंय, एवढ्यानेही खोली जरा उबदार वाटते. हे मात्र तू कुणाला सांगू नकोस.

लोभ आहे तेवढा असू दे, उपदेश कमी केलास तरी चालेल.

तुझा,
पंडित


सोमवार, १२ डिसेंबर

चि. पंडितास,

अनेक आशीर्वाद. डोक्यावर हात ठेवून नव्हे, कान धरून.

पत्र वाचून हसले, मग लेकीला वाचून दाखवलं, तीही हसली. जावईबापूंना यज्ञ कळला नाही, ते उगाच हसले. माझं ठीक आहे. व्यायाम घ्यायला एक मुलगी येते, दिसायला नाजूक, पण पाय असा वाकवते की डोळ्यांपुढे तारे चमकतात. ती सगळ्यांना विचारते, पाय बरा झाल्यावर पहिल्यांदा कुठे जायचंय. लोक नातवंडांची नावं घेतात म्हणे. मी सांगितलं, लवंगीला घेऊन तळ्याकाठच्या बाकापर्यंत. ती म्हणाली, मग रोज तेवढ्यासाठीच पाय उचला. तेव्हापासून तेवढ्यासाठीच उचलते आहे.

तुझे ग्रंथ राहू देत. त्यांतली कुत्री केसाळ असतील. लवंगीच्या पोटावर केस नाहीत, आणि तिचं पोट जमिनीपासून वीतभर वर. गारठा सगळा तिथून शिरतो. मागच्या हिवाळ्यात खोकला छातीत उतरला होता, ते तू पाहिलंस. पुन्हा तसं झालं तर या वयात ती तगणार नाही असं डॉक्टरीणबाईंनी बजावलंय. चालता चालता थांबून बसली तर ओढू नकोस, उचलून घे. तो हट्ट नसतो.

आणि एक विचारते. एवढे दिवस झाले, स्वेटर धुतल्याचं तू काही लिहिलं नाहीस. पोटाकडची बाजू एव्हाना चिखलाने बरबटली असेल. कोमट पाण्यात धू, पिळू नकोस, सपाट वाळव.

तुझ्या जिवावर तिला सोडून आले म्हणून मला इथे झोप लागते. सुखी राहा, आणि दोघांनीही वेळेवर जेवा.

तुझी,
ताई


बुधवार, २१ डिसेंबर

ती. ताईस,

नमस्कार, नेहमीचाच, आज जरा घाईत.

इकडे थंडी कडाक्याची आहे. सकाळी मैदानातलं गवत पांढरं असतं आणि नळाला पाणी उशिरा येतं. शाळेला नवं फाटक बसतंय. त्यावर कुठलं संस्कृत वचन कोरावं याचा विचारविनिमय चालू आहे आणि तो भार अर्थातच माझ्यावर आहे. मुख्याध्यापकांना लहान हवं, विश्वस्तांना भारदस्त हवं, आणि लोहाराला जोडाक्षरं नको आहेत. तिघांत शहाणा लोहारच. गणिताच्या शिक्षकांनी चष्मा बदलला. वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाने नवा गालिचा घेतला, त्यामुळे त्यांच्या पोरांच्या उड्या आता मऊ ऐकू येतात. सहामाहीच्या वह्या तपासून संपत आल्या.

लवंगी सध्या घरातच असते. तिचा बिछाना पाटावरून उचलून माझ्या खाटेवर आणला आहे. स्वेटर अजून स्वच्छच आहे.

तू घाईने परत यायचं काही कारण नाही. गुडघा पुरता बरा होऊ दे, वाटल्यास महिनाभर आणखी राहा.

कृपा असू दे.

पंडित


सोमवार, २६ डिसेंबर

चि. पंडित,

आशीर्वाद.

गालिच्याला तू जेवढ्या ओळी दिल्यास, जवळजवळ तेवढ्याच लवंगीला दिल्यास. माझ्या चिंतेने तू कधी मला जास्त राहा म्हणाला नाहीस, उलट कधी येतेस म्हणून टुमणं लावतोस. ती घरात का असते? तुझ्या खाटेवर का? एवढे दिवस घालून स्वेटर स्वच्छ कसा?

लवंगी आहे का, एवढं एका ओळीत लिही. मग हवं तेवढं संस्कृत लिही.

ताई


गुरुवार, २९ डिसेंबर

ती. ताईस,

आहे. लवंगी आहे.

नमस्कार लिहायला आज हात धजत नाही. तू एक ओळ मागितलीस, ती वर दिली. आता पुढचं.

तू गेल्यावर पहिल्याच सकाळी तिला स्वेटर घालून शाळेवरून फिरायला नेलं. फाटकाशी गणितवाले उभे होते. त्यांनी झालर पाहिली, लोकरीचे दोन गोंडे पाहिले आणि गंभीर चेहऱ्याने विचारलं, की लग्न कुणाचं आहे, करवली एवढी नटली आहे ती? मीही हसलो. दुपारपर्यंत शिक्षकांच्या खोलीत मला करवलीचे मामा असं नाव पडलं. संध्याकाळी नववीच्या वर्गात फळ्याकडे वळलो तर मागून कुणीतरी तेच कुजबुजलं. पन्नाशी उलटलेला, चार लोक ज्याला पंडित म्हणतात असा माणूस मी, आणि मला ते झोंबलं.

दुसऱ्या दिवसापासून औषधाच्या दुकानाच्या कोपऱ्यावर मी स्वेटर काढून पिशवीत ठेवू लागलो आणि परत येताना त्याच कोपऱ्यावर घालू लागलो. तुला लिहिलं होतं ना, निघताना घातला जातो आणि परत येते तेव्हा अंगावर असतो. शब्द न् शब्द खरा होता. मी तो तसा तोलून लिहिला होता. खोटं बोलायचं नाही हे व्रत मी पाळलं, आणि ते पाळण्याची रीत बघ. तुझं पत्र आलं, पोटावर केस नाहीत, पुन्हा खोकला झाला तर तगणार नाही, हे वाचलं. त्याच्या दुसऱ्या दिवशीही कोपऱ्यावर स्वेटर काढला. मनाशी म्हटलं, आज लवकर परतू.

त्या सकाळी फाटकाशी मुख्याध्यापक भेटले. वचनाचा विषय काढला. मी एक सुचवलं, मग दुसरं, मग दोन्हींतला भेद सांगू लागलो. ऐकणारा मिळाला की मी कसा बोलतो ते तुला ठाऊक आहे. लवंगी दगडी पायरीवर बसली होती आणि पायरीवर दहिवर गोठलेलं होतं. ती थरथरत होती हे मला दोरीतून हातापर्यंत कळत होतं. मी दोरीला एक हिसका दिला, गप्प बस या अर्थाचा. थोड्या वेळाने थरथर थांबली. मला वाटलं, चला, सवय झाली. मी वचनाचा अर्थ पुरा केला. ते वचन कुठलं होतं हे तुला सांगण्याची मला हिंमत नाही.

निघालो तर ती उठेना. पाय लाकडासारखे, डोळे उघडे पण माझ्याकडे नाहीत. कोटाच्या आत छातीशी धरून डॉक्टरीणबाईंकडे पळालो. त्यांनी ताप मोजायची नळी लावली, बघितली, झटकून पुन्हा लावली. कोमट केलेल्या टॉवेलांत तिला गुंडाळलं, खाली गरम पाण्याची पिशवी, तीही गुंडाळलेली. मी तिचे पंजे चोळायला गेलो तर माझा हात बाजूला केला. चोळायचं नसतं, एकदम तापवायचंही नसतं, हळूहळू परत आणायचं असतं. मग त्यांनी विचारलं, हिला अंगात घालायला काही नाही का?

ताई, मी नाही म्हणालो.

आयुष्यभर तोलून बोललो आणि तिथे सरळ नाही म्हणालो. खांद्याला पिशवी होती आणि पिशवीतून गुलाबी झालर बाहेर आलेली होती. डॉक्टरीणबाईंनी ती पाहिली. पुढे होऊन स्वेटर बाहेर काढला, उलगडला, टेबलावर तिच्या शेजारी ठेवला आणि कामाला लागल्या.

खोकला पुन्हा छातीत उतरला आहे. आज धोका टळल्याचं त्यांनी सांगितलं, पण हिवाळाभर जपावं लागेल. काल तिने स्वतःहून वाटीत तोंड घातलं. माझ्या हातून कोमट पाणी पिते, माझ्या हातांत डोकं ठेवून झोपते. ती मुळीच रागावलेली नाही, हेच मला सोसत नाही.

तू जे म्हणशील ते कबूल.

पंडित


मंगळवार, ३ जानेवारी

चि. लवंगीस,

अनेक आशीर्वाद. जो वाचून दाखवेल त्याने काही न गाळता वाचावं.

बाळ, तू राहिलीस, फार बरं केलंस. तुझ्याशी आधी बोलते, कारण दुसऱ्या कुणाशी काय बोलावं ते मला अजून सुचत नाही.

तुझ्या स्वेटरविषयी कुणाला सांगायचं राहिलं होतं. झालर शोभेची नाही. तुझी मान आखूड, गळ्याशी फट राहते आणि वारा आत जातो, म्हणून तिथे दुहेरी विणली. रंग भडक घेतला तो धुक्यात गाडीवाल्याला तू दिसावीस म्हणून. गोंडे मात्र शोभेचे आहेत. लोकर उरली होती आणि मला हौस होती. चष्मा लावूनही टाके दिसत नव्हते, तरी विणला. लोक हसतील हे मला कळत होतं. मला वाटलं होतं, हसले तर हसतील.

तुझ्याबरोबर जे गृहस्थ फिरायला येतात ते वाईट नाहीत. लहानपणी बोट धरून मीच त्यांना शाळेत नेत असे, माझ्या फ्रॉकला ठिगळ होतं तेव्हाही. तुला चार लोकांत लाजले, म्हणजे थोडे मलाच लाजले. ते त्यांच्या लक्षात आलं असेल तर त्यांनी लिहू नये. आलं नसेल तर आता यावं.

मी येईपर्यंत तू शिंपीणबाईंकडे राहा. शाळेमागच्या गल्लीत त्यांचं दुकान आहे, दिवसभर इस्त्री चालते, खोली गरम असते. त्यांना वेगळं कळवलं आहे. गृहस्थांनी तुला तिथे पोचवावं, औषधं समजावून द्यावीत.

मी अजून तळ्याकाठच्या बाकासाठीच पाय उचलते आहे.

तुझी,
आई


रविवार, ८ जानेवारी

ती. ताईस,

लवंगीला तुझं पत्र पूर्ण वाचून दाखवलं, काही गाळलं नाही. एका जागी थांबावं लागलं, पण पुढे वाचलं.

काल तिला शिंपीणबाईंकडे पोचवलं. औषधांच्या वेळा, बिछान्याचा पाट, पाण्याची पिशवी, सगळं दिलं. कापलेल्या कापडांच्या ढिगाशेजारी त्यांनी तिला जागा केली आहे आणि तिथे खरोखर माझ्या खोलीपेक्षा ऊब आहे. तुझा निर्णय योग्य आहे. मी रोज येऊन बघून जाऊ का असं विचारलं. तुला विचारून सांगते म्हणाल्या.

मागच्या पत्रात सगळं लिहिलं असं मला वाटलं होतं, पण एक राहिलं होतं. ते राहिलं नव्हतं, मी ठेवलं होतं. काल वाटेत मला ते ठेवता येईना.

डॉक्टरीणबाईंनी थोडं चालू द्या म्हटलं होतं, म्हणून ऊन आल्यावर तिला स्वेटर घालून खाली उतरवलं. शनिवार होता, शाळा सुटलेली, रस्ता पोरांनी भरलेला. औषधाच्या दुकानाच्या कोपऱ्यावर ती आपणहून थांबली, खाली बसली आणि तिने पुढचा उजवा पाय वर उचलला. स्वेटरातून पाय काढायला मला सोपं जावं म्हणून. हे ती कधी शिकली ते मला माहीत आहे. मी दोन-तीनदाच खटपट केली होती, मग तिला कळलं, आणि त्यानंतर रोज, त्या सकाळीसुद्धा, मी सांगायच्या आधीच ती पाय उचलून देत असे.

मी नको म्हटलं. तिला कळलं नाही. तिला वाटलं असावं, मला नीट दिसलं नाही. तिने पाय आणखी वर केला. पोरं थांबून बघत होती, गणितवालेही थांबले, कुणी हसलं असेल तर मला ऐकू आलं नाही. मी रस्त्यात खाली बसलो, तिचा पाय हातात घेतला आणि खाली ठेवला. तिने पुन्हा उचलला. शेवटी तसाच वर धरलेला असताना तिला उचलून घेतलं आणि शिंपीणबाईंच्या दुकानापर्यंत नेलं.

लोभ असू दे म्हणायला तोंड नाही. तिच्यावर आहे तो असू दे.

तुझा धाकटा भाऊ